माशाचं तेल नौकेच्या टाकीत: करावं की करू नये?

बंदरावरचा
ट्रॉलरच्या फेरीत सगळ्यात जास्त पैसा कशात जातो? बर्फात नाही, खलाशांच्या शिध्यात नाही, डिझेलमध्ये. सरकारी डिझेल परतावा असतो, पण तो हातात कधी पडेल हे विचारू नये. दुसरीकडे कोकणापासून मालप्यापर्यंतच्या किनाऱ्यावर फिशमीलचे, म्हणजे माशाच्या पेंडीचे, कारखाने आहेत. तारली (सार्डिन) उकडायची, दाबायची, पेंड वेगळी, तेल वेगळं. शिवाय प्रत्येक नाक्यावर वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल आहेच. या दोन्हींचं बायोडिझेल करून आपल्याच नौकांना का देऊ नये?

कृतीत गूढ काही नाही. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतं (घालतात जवळपास दुप्पट, उरलेलं परत मिळवतात). त्या मिथेनॉलमध्ये थोडा कॉस्टिक पोटॅश विरघळवायचा, ते तेलात ओतायचं आणि ६० अंशांच्या आसपास तास-दीड तास ढवळत ठेवायचं. तळाला ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल येतं. मग धुवायचं, वाळवायचं, गाळायचं. गंधक जवळजवळ नाही, धूर कमी. अलास्कात डच हार्बरच्या एका मासळी कारखान्याने २००१ च्या सुमारास पोलॉक माशाचं तेल डिझेलमध्ये निम्म्यापर्यंत मिसळून जनरेटर चालवले. त्यांना जमलं, आपल्याला का जमू नये?

साबणवाला
अलास्काची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. तिथे तेलाचं बायोडिझेल केलंच नव्हतं. कच्चं तेल थेट मिसळलं होतं, तेही जमिनीवर पक्के बसवलेल्या मोठ्या जनरेटरमध्ये. तेल शेजारच्याच कारखान्यात निघायचं आणि ताजं ताजं जळायचं. हवाही थंड. यातलं काय आपल्याकडे आहे?

माशाच्या तेलाची खरी अडचण त्याच्या रेणूत आहे. ज्या ओमेगा-३ साठी लोक कॅप्सूल गिळतात, त्या ईपीएमध्ये पाच आणि डीएचएमध्ये सहा दुहेरी बंध असतात. मिथेनॉलशी क्रिया झाली तरी हे बंध तसेच राहतात आणि हवेतला ऑक्सिजन त्यांच्यावरच तुटून पडतो. युरोपच्या बायोडिझेल मानकात आयोडीन व्हॅल्यू (दुहेरी बंध किती आहेत ते सांगणारा आकडा) १२० च्या वर चालत नाही. तारलीच्या तेलाची सहज १५० च्या पुढे असते. चार किंवा अधिक दुहेरी बंध असलेले घटक तिथे फक्त १ टक्का चालतात. तारलीचं तेल त्यात कुठेच बसत नाही.

आता आपलं कॅलेंडर बघा. जून-जुलै मासेमारी बंद. नौका वर ओढलेल्या, टाकीत उरलेलं इंधन, दमट हवा. पावसाळ्यानंतर टाकी उघडाल तेव्हा आत आंबट वासाची चिकट राळ मिळेल.

तांडेल_देवगड
साबणवाल्यांनी पुस्तकातलं सांगितलं, मी होडीवरचं सांगतो. आमच्याकडे लाकडी होडीला बाहेरून माशाचं तेल चोपडायची जुनी पद्धत आहे. का चोपडतात? सुकून त्याचा थर बसतो, पाणी आत शिरत नाही म्हणून. होडीच्या अंगावर जे बसतं ते इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलमध्ये बसणार नाही कशावरून? माका सांगा, भर दर्यात इंजिन बंद पडला तर तुमी येतलास काय ढकलूक?

बंदरावरचा
तांडेल, होडीला चोपडतात ते कच्चं तेल. मी एस्टरबद्दल, म्हणजे मिथेनॉलशी क्रिया करून बनलेल्या बायोडिझेलबद्दल बोलतोय.

साबणवाला
सुकतात ते दुहेरी बंध, आणि ते दोन्हींत तेच आहेत. तांडेलांचं निरीक्षण बरोबर आहे.

बंदरावरचा
ठीक, मग १०० टक्के नको. २० टक्के मिसळा, ऑक्सिडेशन रोखणारं रसायन घाला, मे महिन्यात साध्या डिझेलवर येऊन टाक्यांतलं मिश्रण संपवून टाका. आजच्या कमी गंधकाच्या डिझेलचं वंगणही कमी झालंय, थोडं बायोडिझेल मिसळलं तर इंजेक्शन पंपाला बरंच. यात अशक्य काय आहे?

तांडेल_देवगड
आणखी एक. बायोडिझेल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. साध्या रबराचे पाइप आणि सील फुगतात. पाणीही डिझेलपेक्षा जास्त धरतं, आणि समुद्रात पाण्याला तोटा नाही. मालकाने एक जादा फिल्टर दिला तर उपकार, तुमच्या इंधनाला पाच लागतील.

पावशेर
इंजिन राहू द्या, मला स्वयंपाकघराची काळजी आहे. या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. २०२२ च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे थांबवली, तेव्हा दुकानदाराने डबा कसा लपवला ते आठवतंय ना? त्याच इंडोनेशियात २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पाम बायोडिझेल सक्तीचं आहे. त्यांच्या ट्रकने जाळलेलं तेल आपल्या कढईतून कमी होतं. इथे कुणी 'वनस्पती तेलाचं डिझेल' म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या तेलाचं?

आणि तारली काही टाकाऊ मासा नाही. गरिबाच्या ताटातलं ते सगळ्यात स्वस्त मासळीचं जेवण. २०२१ साली केरळातली तारलीची आवक साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली होती, दहा वर्षांपूर्वी तीच लाखांत होती. फिशमीलच्या भट्टीला अजून एक गिऱ्हाईक जोडलं की आधी पिल्लं ओढली जाणार.

बंदरावरचा
पावशेरताई, मी ताटातला मासा मागितलेलाच नाही. डोकी, आतडी, सुरिमीच्या (माशाच्या मांसाच्या धुतलेल्या लगद्याच्या) कारखान्याचा कचरा, यातलंच तेल घ्या.

साबणवाला
सुरिमी मुख्यतः राणी माशाची होते. तो बिनचरबीचा मासा. त्याच्या डोक्यात तेल असून असून किती असणार? तेल तारली-बांगड्यातच, म्हणजे पुन्हा ताटातच हात.

कोळंबी_पालघर
हिशोब कुणी मांडतच नाहीये. माशाचं तेल कोळंबीच्या आणि माशांच्या खाद्यात जातं. २०२३ मध्ये पेरूने एल निन्योमुळे अँचोव्ही या तेलकट माशाचा पहिला हंगाम रद्द केला आणि जगभर माशाच्या तेलाचे भाव विक्रमी चढले. खाद्यवाला इतके पैसे मोजत असताना कारखानदार तेच तेल डिझेलच्या भावात तुम्हाला का देईल? नुसत्या प्रेमापोटी?

तळणतेल
तेल गोळा करण्याच्या धंद्यात आहे, म्हणून बोलतो. माशाचं सोडा, पण तळणाच्या तेलाचं बायोडिझेल होतं, रोज होतं. २०१८ पासून नियम आहे, तेलातली टोटल पोलर कंपाउंड (तळून तळून तेल बिघडल्यावर वाढणारे घटक) २५ टक्क्यांपुढे गेली की ते स्वयंपाकात वापरायचं नाही. कागदावर छान. प्रत्यक्षात मोठी हॉटेलं आणि फरसाणवाले आम्हाला देतात, आणि गाडीवाला तेच तेल त्याच्याहून लहान गाडीवाल्याला विकतो. तिथे त्याला आमच्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळतात. डिझेल करायचं तर आधी हे मधलं गिऱ्हाईक तोडावं लागेल, आणि ते अन्न निरीक्षकाचं काम, रसायनशास्त्राचं नाही.

कृतीबद्दलही एक. धागाकर्त्यांनी ताज्या तेलाची कृती दिली आहे. तळलेल्या तेलात मोकळी फॅटी आम्लं वाढलेली असतात. ती दोन-तीन टक्क्यांपुढे गेली आणि तुम्ही सरळ कॉस्टिक घातलं तर पिंपभर साबण होतो. आधी तेल सुकवायचं, मग गंधकाम्ल आणि मिथेनॉलने आम्लं उतरवायची, नंतरच कॉस्टिक. घरामागे पिंपात करून बघणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका. मिथेनॉल विषारी आहे, आणि त्याची ज्वाळा दिवसाउजेडी दिसत नाही.

जुनाजाणता
मोगली एरंड (जट्रोफा) आठवतो का कुणाला? त्याच्या बियांच्या तेलाचं बायोडिझेल करायचं होतं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेलचं मिश्रण होणार होतं. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्के झालं. बांधावर एरंड लावलेल्यांना बियांचं गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं. पुढे बायोडिझेलच्या पाट्या लावून भलतंच काही विकणारे पंपही निघाले. त्यामुळे तांडेल घाबरतात ते उगाच नाही.

बंदरावरचा
मग असं करू. नौका बाजूला ठेवा. बंदरावरचे बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं वीज गेली की जनरेटरवर चालतात. त्यात तळणतेलाचं बायोडिझेल २० टक्के घाला. जनरेटर जमिनीवर, मिस्त्री जवळ, फिल्टर बदलायला कुणी पोहायला नको.

तळणतेल
याला माझी तयारी आहे. फक्त प्रत्येक टाकीमागे तपासणीचा दाखला मागा. पाणी, ग्लिसरीन आणि उरलेलं मिथेनॉल, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय कुणाकडूनही घेऊ नका, माझ्याकडूनही.

साबणवाला
तिथेही महिना-महिना साठवून ठेवू नका. वीज जाते पावसाळ्यात जास्त, म्हणजे साठाही नेमका दमट हवेतच पडून राहणार. लागेल तसं मागवा.

तांडेल_देवगड
बर्फाच्या कारखान्यात घाला, माझं काही म्हणणं नाही. बर्फाचा दर त्यामुळे लादीमागे किती उतरेल ते आधी लिहा, मग मच्छीमार संस्थेच्या बैठकीत विषय काढतो.