सोसायटी ग्रुप : त्रिपुरीला खिद्रापूर, कोण कोण येतंय?

ए १०२ वहिनी: त्रिपुरी पौर्णिमेला रात्री खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात जायचं म्हणतोय. ह्यांनी नवा कॅमेरा घेतलाय, अजून पिशवीतच आहे. कुणी गेलंय का त्या रात्री?

सी ३०१: मी हा फोटो बघूनच ठरवलंय 👇 मंडपाच्या छतातल्या गोल गवाक्षात चंद्र बघा, कसला मोठा! फोटो भन्नाट आहे.

बी २०४ अण्णा: भन्नाट आहे, पण जोडलेला आहे. चंद्र वेगळ्या लेन्सनं काढून वर डकवलाय.

सी ३०१: कशावरून ओ अण्णा? पाचशे लाइक आहेत त्याला 😄

बी २०४ अण्णा: स्वर्गमंडपात, म्हणजे त्या उघड्या छताच्या मंडपात, गवाक्षाखालच्या गोल दगडावर, चंद्रशिलेवर, उताणं पडून वर बघ. गवाक्ष डोळ्यांत मावत नाही एवढं मोठं दिसतं, आणि त्याच्या रुंदीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाही चंद्र नसतो. ह्या फोटोत निम्मं गवाक्ष चंद्रानंच भरलंय. जोडायला माझी हरकत नाही. जोडलाय असं खाली लिहायचं, एवढंच.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या सकाळी १० ते १ टाकी धुण्यासाठी पाणी बंद राहील. पाणी भरून ठेवावे.

ए १०२ वहिनी: 👍 अण्णा, मग आम्ही काढायचं काय तिथं?

बी २०४ अण्णा: खांब काढा. ४८ खांब आहेत, त्यातले आतले १२ गवाक्षाभोवती गोल उभे आहेत. चंद्र वर आला की उजेड सरळ खाली चंद्रशिलेवर पडतो आणि खांबांच्या आतल्या अंगाच्या कडा उठून दिसायला लागतात. बाहेरची अंगं काळोखात. तो फोटो घ्या. आयएसओ म्हणजे संवेदनक्षमता १६००, एफ म्हणजे लेन्सचं तोंड २.८, शटर चार-पाच सेकंद उघडं. चंद्र नुसता पांढरा ठिपका येईल, येऊ दे. चंद्र आणि चांदण्यातला दगड ह्यांच्या उजेडात लाखभर पटीचा फरक आहे, एका फोटोत दोन्ही नीट यायचे नाहीत. चंद्राचे डाग हवे असतील तर आयएसओ १००, एफ ८, १/१२५ सेकंदावर तो वेगळा काढा.

डी ४०३ काकू: पण त्रिपुरीलाच का? पौर्णिमा तर दर महिन्याला येते.

बी २०४ अण्णा: काकू, कार्तिकातला पूर्ण चंद्र आपल्या भागात मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. ज्येष्ठातला दक्षिणेकडनं खालून निघून जातो, तो गवाक्षात कसा यायचा? त्यातनं दरवर्षी नेमका मधोमध येईलच असं नाही, थोडा इकडं-तिकडं होतो. पण त्या जागी गवाक्ष ठेवणाऱ्या शिलाहार राजांच्या गवंड्याला मी दर वेळी मनात नमस्कार करतो. बाराव्या शतकातलं काम आहे.

सी ३०१: ट्रायपॉड चालतो?

बी २०४ अण्णा: पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉडला परवानगी लागते. आणि त्या गर्दीत तो उभा करून लोकांना अडखळवायचं कशाला? कॅमेरा शिलेच्या कडेला दगडावर ठेवायचा, खाली रुमाल, वर दोन सेकंदांचा टायमर. ड्रोनचं तर नावच काढू नका.

डी ४०३ काकू: आम्ही पणत्या नेणार हं. त्रिपुरीला दिवा नको म्हणू नका.

बी २०४ अण्णा: दिवा लावा की काकू. फक्त कोरीवकामाला टेकवून नको. फोटोत चेहरा उजळावा म्हणून लोक मूर्तीच्या पायाशीच पणती ठेवतात. तेल दगडात मुरतं, काजळी नाकाडोळ्यांत बसते. खाली मोकळ्या फरशीवर ठेवा, ताटलीत. उजेड खालून वर येतो, फोटोलाही बरा.

सी ३०१: आणि फ्लॅश?

बी २०४ अण्णा: एकानं मारला की आजूबाजूच्या सगळ्यांच्या चार-पाच सेकंदांची माती. मोबाईलवालेसुद्धा, फ्लॅश 'ऑटो'वर ठेवू नका. गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही.

ए १०२ वहिनी: आमचा छोटा विचारतोय, नंदी कुठाय? गूगलच्या फोटोत दिसत नाही म्हणे.

बी २०४ अण्णा: हुशार आहे! नंदी तिथं नाहीच. सती त्याच्यावर बसून माहेरी गेली अशी कथा सांगतात, त्याचं देऊळ पलीकडं कर्नाटकात यडूरला. इथं गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपलेला शंकर म्हणजे कोपेश्वर आणि त्याला शांत करायला आलेला विष्णू, म्हणजे धोपेश्वर. छोट्याला सांगा, बाहेर तळाशी हत्तींची रांग आहे ती दिवसा उजेडीच बघायची. म्हणून चारपर्यंत पोचू.

डी ४०३ काकू: मग पहाटे इथं कोल्हापुरात पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव चुकणार का?

बी २०४ अण्णा: कशाला चुकेल? पहाटे घाट, दुपारी झोप, मग निघायचं. साठेक किलोमीटर आहे. वाटेत नरसोबाच्या वाडीला दर्शन.

डी ४०३ काकू: आणि कवठाची बर्फी.

सी ३०१: माझ्या गाडीत तीन जागा आहेत. अण्णा पुढं.

ए १०२ वहिनी: आम्ही तिघं आमच्या गाडीनं येतो. ह्यांना आज रात्री खाली पाठवते, टायमर कुठं असतो तेवढं दाखवा. पुस्तिका उघडायला तयार नाहीत.

बी २०४ अण्णा: नऊनंतर पाठवा. बॅटरी चार्ज करून.