पावसाळ्यात पोहण्याच्या तलावाचे पाणी हिरवे होते, मदत हवी आहे

नमस्कार. मढ येथील आमच्या घराच्या अंगणात सुमारे ४० हजार लिटरचा पोहण्याचा तलाव असून, जूनपासून प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत त्याचे पाणी हिरवट होते आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यांत बोट फिरवल्यास बुळबुळीत शेवाळ हाताला लागते. पीएच ७.८ आहे, मोकळा क्लोरीन (जंतू व शेवाळ मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेला) मात्र १ पीपीएमच्याही (दशलक्ष भागांत एक भाग) खाली जातो. वर्षभर क्लोरीनच्या गोळ्याच वापरल्यामुळे पाण्यात सायन्युरिक आम्ल (गोळ्यांतले, क्लोरीनला उन्हात टिकवणारे रसायन) साचून क्लोरीनचा जोर ओसरला असावा, अशी मला शंका आहे. (देखभालीला येणारे गृहस्थ दर वेळी मोरचूदच सुचवतात, ते मला पटत नाही.) थोडे पाणी बदलून द्रवरूप क्लोरीनकडे वळावे काय, आणि वाळूचा फिल्टर या दिवसांत रोज किती तास चालवावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.