तुलना कोणाची कोणाशी?

मोटरसायकलला कंपनीने बसवून दिलेले टायर मुळातच हलक्या प्रतीचे असतात, कारण नवे बदलताच गाडी वळणात हलकी वाटू लागली, हा एका चालकाने मांडलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. टूरिंग, म्हणजे लांबच्या प्रवासाची, गाडी सरळ महामार्गावर तासन्‌तास धावत असल्याने मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो आणि वळण घेताना त्या चपट्या भागाच्या कडेवरून गाडी अडखळत कलते. अशा झिजलेल्या टायरची कोऱ्या, गोलाकार टायरशी तुलना केली, तर कोणताही नवा टायर जिंकणारच. (माझी स्वतःची फसगत नेमकी अशीच झाली होती.)

खरा फरक रबरात असतो. अनेक टूरिंग टायरांत मध्यभागी कडक आणि कडांना मऊ रबर वापरतात, त्यामुळे टिकाऊपणा आणि वळणातली पकड दोन्ही साधतात. मात्र सामान व सहप्रवासी घेऊन जाणाऱ्यांनी भारांक (एक टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) आधी पाहावा: ७३ म्हणजे ३६५ किलो, ७५ म्हणजे ३८७ किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांक, पकड कितीही उत्तम असली तरी, घेऊ नये.