पुढचे शॉकअप बदलले, आता गाडी डावीकडे झुकते – मदत हवी आहे
मंडळी, पुढचे दोन्ही स्ट्रट (शॉकअप), स्प्रिंग आणि लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) नवे टाकले. तेव्हापासून गाडी डावीकडे झुकलेली दिसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: डावीकडे 37.5 सेंमी, उजवीकडे 39. जमीन सपाट, टायरमधली हवा सारखी, 200 किमी फिरूनही फरक तसाच.

मला वाटतं डावी बाजू खाली बसलेली नाही, उजवीच वर राहिली आहे. उजव्या स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या (स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या वाटीतल्या) खाचेला टेकलेलंच नाही, बोटभर फट दिसते. शिवाय त्याच बाजूच्या लोअर आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट चाक लोंबकळत असतानाच आवळले होते. गाडी चाकांवर उभी करून आवळायला हवे होते, हे आता कळलं. नुसत्या बुशमुळे दीड सेंमी फरक पडतो का? की थेट स्प्रिंगच उतरवू? घरच्यांना घेऊन लांब जायचंय, खरंच काळजी वाटते.