टेराकोटा शिकवायचाय : माती कुठली घेऊ, भाजू कुठे?

मातकट_हात : नमस्कार मंडळी. शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. २२ मुलं, तीन आठवडे, हाताशी १२ हजार रुपये. माती मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं मुलांनीच करायचं. मागच्या वर्षी मातीच्या २२ डोक्यांपैकी ९ भट्टीत फुटली. एका मुलीने आजीचं डोकं केलं होतं, तिच्या हाती फक्त कान लागला. यंदा तसं होऊ द्यायचं नाही. सुचवा.

भट्टीवाला : इलेक्ट्रिक भट्टी घ्या, डोळे झाकून. मी पावणेदोन लाखांत घेतली, थ्री-फेज कनेक्शनचे वेगळे. ९५० अंशांवर भाजतो. चार वर्षांत एक तुकडा गेलेला नाही.

रानवारा : अहो, १२ हजार लिहिलंय त्यांनी.

शाडूताई : शाडू घ्या. बोटाखाली लोण्यासारखी. मी दरवर्षी घरचा गणपती करते, कधी तडा नाही.

काळी_आई : ताई, गणपती कच्चाच विसर्जित होतो, त्याला आगीत कुठे जायचंय? नुसती बारीक माती जाड कामात आटताना तडकते. कुंभाराकडची माती घ्या आणि त्यात फुटक्या कौलांची, मडक्यांची पूड चौथा हिस्सा घाला. पूड आधीच भाजलेली, ती आटत नाही.

भट्टीवाला : पूड-बिड ठीक आहे, पण फुटतं ते हवेच्या बुडबुड्यांमुळे. मुलांनी नीट मळली नसेल.

निवृत्त_मास्तर : बुडबुडा नव्हे, पाणी. ३१ वर्षं हेच शिकवलं. वरून वाळलेलं दिसतं, पण हनुवटीच्या आत ओल असते. शंभर अंशांना तिची वाफ होते, वाट मिळाली नाही की फोडून निघते. डोकं भरीव करू द्या, पण चामड्याइतकं घट्ट झालं की तारेने टाळू कापून आतून कोरायला लावा. भिंत बोटभर जाड, सगळीकडे सारखी. मग कडा खरवडून मातीच्या राबडीने टाळू परत चिकटवायची आणि मानेखाली भोक ठेवायचं. आत लोखंडी सळई ठेवू नका. माती आटते, सळई आटत नाही. आणि भट्टीत घालण्याआधी प्रत्येकाने आपलं काम गालाला लावून बघायचं. गार लागलं तर अजून ओलं आहे.

शाडूताई : आमचे सरही बुडबुडेच म्हणायचे.

रानवारा : डोकी कशाला? राजस्थानात मोलेलाला जाऊन आलोय. तिथे देवांच्या सपाट पाट्या घडवतात, मूर्ती उठावात पण आतून पोकळ, मातीत गाढवाची लीद. लीद जळून जाते, बारीक छिद्रं राहतात, वाफेला वाट मिळते. तुम्हीही पाट्याच करा.

काळी_आई : पाट्यांना माझंही मत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या बाहुल्या बघा, दोन साच्यांत दाबून केलेल्या, आतून पोकळ. मुलांना आधी तिथे न्या.

गोवरी : कुंभाराच्या आव्यावर, म्हणजे गोवऱ्यांच्या उघड्या भट्टीवर, जाऊ नका. माझी १२ कामं एका बाजूने काळी पडली, पैसे मात्र पूर्ण घेतले.

भट्टीवाला : म्हणूनच म्हणतो, इलेक्ट्रिक.

काळी_आई : एक राहिलंच. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर ते हवेतली ओल पितात, फुगतात आणि आठवड्याभराने नाकाचा शेंडा उडवतात. माती पाण्यात कालवून वस्त्रगाळ करा.

मातकट_हात : सगळ्यांचे मनापासून आभार. पाट्या नाही, डोकीच करणार. माणसाचा चेहरा चारही बाजूंनी फिरून बघायला मुलांनी याच वर्षी शिकावं असं मला वाटतं. भट्टीही घेत नाही. गावातल्या कुंभारकाकांशी बोलले. आवा त्यांच्या अंगणात, गोवऱ्या आणि भुसा मुलं रचतील, रात्री राखणही मुलंच करतील. काळे डाग पडले तर पडू देत, आग कुठून लागली ते त्यावरून वाचता येतं. मास्तर, गालाची परीक्षा आणि टाळू कापणं पक्कं. आज प्रत्येकाने ओल्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ मारून ठेवली, माती किती आटली ते वाळल्यावर आणि भाजल्यावर मोजू.

निवृत्त_मास्तर : पहिले सहा तास नुसती धग ठेवा, ज्वाळा नको. मुलं घाई करतात.

शाडूताई : आणि बुडबुडे बघा हो.

मातकट_हात : हो ताई, मळून घेऊ नीट. आजीवाली मुलगी परत आजीचंच डोकं करतेय.