अकरावी-बारावीचा गणवेश आणि वर्तनाचे नियम : शाळेने कुठवर जावे?

प्रश्न : पालक, सातारा

माझी मुलगी यंदा अकरावी विज्ञान शाखेत, माध्यमिक शाळेला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकते. प्रवेशाच्या वेळी आमच्याकडून हमीपत्र लिहून घेतले होते. त्यात आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली ओढणी, गळ्यात ओळखपत्र आणि मोबाइलबंदी हे सारे स्पष्ट होते व मी ते वाचूनच सही केली. तेव्हा गणवेशाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र गेल्या मंगळवारी एस.टी.च्या गर्दीत तिच्या ओढणीची एक पिन निसटली, तेवढ्यावरून तिला फाटकाशीच थांबवून मला बोलावून घेण्यात आले आणि मी पोहोचेपर्यंत रसायनशास्त्राचे टायट्रेशनचे (द्रावण थेंबथेंब मोजून घालण्याचे) प्रात्यक्षिक संपले होते. फाटकावरच्या शिपाई मावशींच्या बांगडीत चार-पाच सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. त्यांतली एक मागून घ्यावी, असे कोणालाच सुचले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शिस्त लावण्याची ही रीत योग्य आहे का?

उत्तर १ : निवृत्त पर्यवेक्षक, कोल्हापूर

ताई, गणवेशाची बाजू मी आजही घेईन. अकरावीच्या वर्गात निरनिराळ्या शाळांतून आलेली मुले असतात, पहिले दोन महिने शिक्षकांना चेहरे ओळखू येत नाहीत आणि बाहेरची टवाळ पोरे मागच्या बाकावर येऊन बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय, जिच्याकडे बाहेर घालायचे दोनच ड्रेस आहेत, ती मुलगी गणवेश नसेल तर हळूहळू यायचीच बंद होते.

परंतु शिक्षा म्हणून तास बुडवणे मला कधीच पटले नाही. आमच्या कार्यालयात बिस्किटांचा एक जुना डबा असे; त्यात पिना, रिबिनी, सुईदोरा आणि ओळखपत्राच्या जादा फिती ठेवलेल्या असत. नोंदवहीत नाव लिहायचे, हवे ते घ्यायचे आणि वर्गात जायचे. तिसऱ्यांदा नाव आले, तरच घरी फोन. मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांनीही जीन्स-टी-शर्ट घालू नयेत असे सांगितले, तेव्हा माझ्याच काही सहकाऱ्यांनी केवढी कुरकुर केली होती! मुलांनी मात्र चकार शब्द काढू नये, अशी आपली अपेक्षा असते.

उत्तर २ : माजी विद्यार्थिनी, नाशिक

आमच्या नियमपत्रिकेत मुलींसाठी अकरा कलमे होती, तर मुलांसाठी ‘केस व्यवस्थित कापलेले असावेत’ एवढे एकच. कारण विचारले तर ‘मुलांचे लक्ष विचलित होते’ असे उत्तर मिळे. ज्यांचे लक्ष विचलित होते त्यांना समज देण्याऐवजी आमची ओढणी तपासली जाई, तीही सर्वांसमक्ष, आणि त्याचा राग मला अजून येतो. तुमच्या हमीपत्रात मुलांसाठी काय लिहिले आहे, ते एकदा पाहा.

उत्तर ३ : वकील, पुणे

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई आहे. पण तो कायदा ६ ते १४ वयोगटासाठी असल्यामुळे अकरावीला थेट लागू होत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालील सर्वांना लागू होतो आणि त्याचे कलम ७५ मुलांशी क्रूरपणे वागण्याविषयी आहे. तथापि पिनेच्या प्रकरणात ते कलम दाखवून धमकावणे मला अप्रस्तुत वाटते.

त्यापेक्षा प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा आणि हुकलेले प्रात्यक्षिक दुसऱ्या तुकडीबरोबर करू द्यावे, एवढेच मागा. बारावीला विज्ञान विषयांत १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, त्यामुळे ब्युरेट (त्या प्रयोगातली मोजपट्टीची काचनळी) धरण्याचा सराव अकरावीतच झालेला बरा.

प्रश्नकर्त्या पालकांकडून

सर्वांचे आभार. अर्ज दिला, उपप्राचार्यांनी फारशी खळखळ न करता शनिवारच्या तुकडीत तिला बसवले आणि जर्नलवर सहीही झाली. हमीपत्र पुन्हा वाचले, तर मुलांसाठी त्यात दोनच ओळी आहेत. तो मुद्दा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडणार आहे. डब्याची कल्पना त्यांना सांगितली, तेव्हा ‘बघू’ म्हणाले. मुलीने आपल्या कंपासपेटीत सहा पिना ठेवल्या होत्या, त्यांतल्या चार आठवडाभरात मैत्रिणींकडे गेल्या.