खासगी विद्यापीठातील बी.कॉम. आणि सीए : मदत हवी आहे

माझी मुलगी यंदा बारावी वाणिज्य उत्तीर्ण झाली असून पुण्यातील एका खासगी विद्यापीठात अकाउंटिंग व फायनान्समधील बी.कॉम. करण्याचा तिचा आग्रह आहे. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के गुण असले, तर सीएची (सनदी लेखापाल) पहिली परीक्षा, म्हणजे फाउंडेशन, न देता थेट पुढच्या इंटरमीजिएट टप्प्याला नोंदणी करता येते, हे मला ठाऊक आहे; परंतु पदवीबरोबरच फाउंडेशन उरकावे, की आधी पदवी पूर्ण करावी, हे ठरत नाही. सत्र परीक्षा, प्रकल्प आणि हजेरीची सक्ती सांभाळून दोन्ही झेपते का? (शुल्काचा आकडा पाहून घरचाच ताळेबंद मांडायला बसलो आहे.) अशा विद्यापीठात शिकलेल्यांनी कॉस्टिंग (उत्पादन खर्चाचा हिशेब), जीएसटी आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे प्रत्यक्ष शिक्षण कितपत मिळाले, हे कृपया कळवावे.